निळी रेघ

शुक्रवारी ओहोटी पावणेपाचला.
तुबलीच्या खाडीत आम्ही अकरा जण उतरतो,
गमबूट, बादल्या, कपाळाला बांधलेले दिवे.
पाण्याला अजून रंग आलेला नाही.
पलीकडच्या हायवेचे दिवे तेवढे त्यात
लांबत जातात, तुटतात, पुन्हा जुळतात.

सगळ्यांच्या पुढे बदरिया, चिखलाची सवय असलेली.
मागे मेरिबेल, नर्स, रात्रपाळी करून थेट इकडे.
मग सरफराज परकार, एसी दुरुस्त करणारा, मूळचा चिपळूणकडचा.
आणि कुणाशीच फारसं न बोलणारे हज्जी सुवैद,
ज्यांची कोळंबीची जागा
आता फर्निचरच्या दुकानांखाली आहे.

मी ड्राफ्ट्समन.
एकोणीस वर्षं एका भराव-कंपनीत
किनाऱ्याची निळी रेघ समुद्रात पुढे सरकवतोय.
माऊसच्या दोन टिचक्या,
की चार हेक्टर पाणी कोरडं,
टेबलावरचा चहा निवायच्या आत.
हे इथं कुणाला सांगितलेलं नाही.

बी काल रात्रभर भिजत होतं. साल सुटलंय,
आत हिरवट दोन दळं,
सोललेल्या बिरड्यासारखी बुळबुळीत.
बदरिया म्हणते, गुर्म.
परकार म्हणतो, कसलं गुर्म, हा तर तिवर!
आमच्या वाशिष्ठीच्या काठाला रग्गड.
त्याची आई तोडून आणायची चुलीसाठी,
धूर असा व्हायचा की शेजारीण भांडायला यायची.
आता आईचा हा लेक
बोटाच्या पेराएवढा खड्डा करतो,
बी ठेवतो, वरून चिखल लिंपतो,
आणि कुणी बघत नाही असं वाटून
थोपटतो.

गेल्या वर्षी दोनशे चाळीस लावली होती.
आज मोजली. एकाहत्तर.
मेरिबेल पुन्हा मोजते. एकाहत्तरच.
काहींच्या देठाला शिंपल्यांचे कडक खवले चिकटलेत,
वजनानं रोप वाकून चिखलात तोंड घालतं.
हज्जी अंगठ्याच्या नखानं एकेक खवला सोलतात,
तापातल्या पोराच्या केसांतून
उवा काढाव्यात इतक्या सावकाश.

परकारला फावडं लागलं ते लोखंडी जाळीला.
एक जुना गरगूर, गंजून अर्धा गेलेला,
आत तीन खेकडे, त्यातला एक जिवंत.
हज्जींनी गाठ बघितली, सोडवली नाही,
जाळीच वाकवून त्याला वाट करून दिली.
मग मला विचारलं, पहिल्यांदाच:
तू काय काम करतोस?

नकाशे काढतो.
कसले?
किनाऱ्याचे.

त्यांनी काठीनं चिखलात काढून दाखवलं:
ही वाट, हा खडक,
आणि इथं, समुद्राच्या तळाशी,
गोडं पाणी फुटायचं.
वडील बुडी मारून पखालीत भरून आणायचे.
आता ते कुठे असेल, तुला ठाऊक असणार.

ठाऊक होतं.
फेज टू, प्लॉट अठ्ठावीस.
तिरप्या रेघांनी भरलेला चौकोन.
मी स्वतः भरलेला.

ठाऊक आहे, एवढंच म्हणालो.
त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं,
मग आपली बादली माझ्या हातात दिली.
अजून साठ बिया होत्या तिच्यात.
भरती चढायला लागली होती.
दूर सांडपाण्याच्या तोंडाशी रोहित उतरले,
गुलाबी नव्हेत, अजून पोरसवदा, राखाडी.
साठ लावून झाल्या तेव्हा पाणी पोटरीला होतं.

रविवारी ऑफिस.
फेज थ्रीची फाईल आली आहे,
रेघ चाळीस मीटर पुढे न्यायची आहे.
उजव्या तर्जनीच्या नखात
धुऊनही न गेलेली काळी कड.
बोट माऊसवर आहे.
ऑफिसबॉय येऊन कप बघतो, विचारतो,
साहेब, दुसरा आणू?
हा तर गार झाला.